अकरावीला एनएसएस घ्यावं का? लातूरमधल्या दोन वर्षांचा अनुभव

बारावीचा शेवटचा पेपर झाल्यापासून हॉस्टेलमधल्या आणि गावाकडच्या पाच-सहा मुलींचे फोन येऊन गेले. सगळ्यांचा प्रश्न एकच: "ताई, एनएसएस घेऊ का? अभ्यास बुडतो का?" दर वेळी फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवते. मी लातूरला सायन्सला होते आणि दोन्ही वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एनएसएसमध्ये होते. जे चांगलं वाटलं ते आणि जे खटकलं ते, दोन्ही सांगते. कॉलेजचं आणि गावाचं नाव लिहीत नाही.

आधी थोडी माहिती, कारण बऱ्याच जणींना बिल्ला तेवढा माहीत असतो. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. निळ्या-लाल बिल्ल्यावरचं चाक कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं आहे. दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२० तास काम करायचं आणि एकदा सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं. आमचं युनिट, म्हणजे कॉलेजचा एनएसएसचा गट, शंभर जणांचं होतं, शिबिराला निम्मे जातात, म्हणजे पन्नास. पैसे काही लागले नाहीत. ताट, वाटी, पेला आणि अंथरूण-पांघरूण घरून न्यायचं.

आता माझी तेव्हाची अवस्था. लातूरला शिकायला आलेल्या कुठल्याही लेकराला विचारा, दिवस सारखाच असतो. पहाटे साडेपाचला उठायचं, सहाला क्लास, मग कॉलेज, दुपारी परत क्लास, रात्री रूमवर अकरापर्यंत डाउट आणि एमसीक्यू. दहावीपर्यंत मी शाळेच्या खो-खो संघात होते. अकरावीच्या दिवाळीपर्यंत दोन जिने चढले की दम लागायचा आणि पाठ सतत दुखायची. चित्रकलेच्या इंटरमिजिएटला ए ग्रेड होती, त्याचे वाढीव गुण दहावीच्या निकालात मिळाले आणि त्या दिवसापासून रंगपेटी ट्रंकेत गेली, ती गेलीच. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण आजूबाजूला सगळे बसलेले असले की आपणही बसतो.

ऑगस्टमध्ये एक मॅडम वर्गात फॉर्म घेऊन आल्या. मी भरला आणि मग घरी फोन केला. अण्णा शेती करतात, औसा तालुक्यात आमची तीन एकर आहे. ते म्हणाले, "बाळा, सात दिवस क्लास बुडंल की गं." क्लासमधून तर अण्णांना वेगळा फोन गेला: असल्या गोष्टींत मुलगी पडली तर आम्ही जबाबदार नाही. शिबिराच्या आठवड्यातली टेस्ट परत घ्यायलाही त्यांनी नकार दिला. याचा मला राग आला होता आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही. क्लासचं नाव घेत नाही, पण पालकांनी हे ध्यानात ठेवावं: मुलांचा वेळ कुठं जातो याची काळजी आणि फी कुठं जाते याची काळजी यांत फरक असतो. शेवटी आई म्हणाली, "जाऊ द्या. रोज फोनवर हिचा आवाज आजारी माणसावानी येतोय." त्या एका वाक्यावर परवानगी मिळाली.

शिबिर २५ ते ३१ डिसेंबर २०२४. गाव १९९३ च्या भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं. ज्यांनी अशी गावं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते: रस्ते रुंद, सरळ आणि काटकोनात, घरांना नंबर, दोन घरांत भरपूर अंतर. जुन्या गावात भिंतीला भिंत होती, सांडपाणी बोळातून कसंतरी निघून जायचं. इथं ते रुंद रस्त्यावर मोकळं पसरतं. शाळेच्या दोन खोल्यांत मुली, एकीत मुलं, एका खोलीत सामान.

पहिल्याच दिवशी जी यादी लागली ती चुकीची होती. मुलांच्या गटांना खोदकाम आणि मुलींच्या गटांना स्वयंपाक, झाडलोट, रांगोळी. आम्ही सात-आठ जणी सरांकडे गेलो. मी म्हटलं, "सर, पाठ मोकळी करायला आलेय, पोळ्या लाटायला नाही." सरांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून पाच-पाच जणांचे दहा मिश्र गट झाले आणि स्वयंपाकाची पाळी प्रत्येक गटावर फिरली. मुलांनी थापलेल्या भाकरी पहिल्या दिवशी पापडासारख्या वाळल्या, चौथ्या दिवशी फुगायला लागल्या. तुमच्या शिबिरात अशी यादी लागली तर त्याच संध्याकाळी बोला. नंतर बोलून उपयोग नसतो, सवय लागून जाते.

खोदकामाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण त्यानंच माझं मत बदललं. गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे, नुसता मुरूम. पाऊस पडला की पाणी सरळ खाली धावतं आणि माती घेऊन जातं. तो उतार अडवायला सलग समतल चर घ्यायचे होते, साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल. मला वाटायचं खड्डा म्हणजे खड्डा, त्यात शिकायचं काय! पण चर एकाच उंचीवर गेला पाहिजे. एक टोक जरी खाली गेलं तरी सगळं पाणी त्या टोकाला जमतं, चराच्या कडेचा मातीचा बांध फुटतो आणि होता त्यापेक्षा मोठा ओघळ पडतो. ती समान उंची शोधायला ए-फ्रेम वापरतात. तीन काठ्या इंग्रजी 'ए'सारख्या बांधायच्या, वरच्या टोकाला दोरी आणि दोरीला दगड. दोरी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं फक्की टाकायची, फ्रेम फिरवायची, पुढची खूण. शंभर पावलांनी मागं वळून पाहिलं तर माळावर पांढरी वळणदार रेघ उमटलेली. मला ती चित्रासारखी दिसली. दहावीच्या निकालानंतर मी काढलेली पहिली रेघ तीच.

दुसऱ्या सकाळी हाताला फोड, तिसऱ्या सकाळी मांड्या अशा धरल्या की उकिडवं बसता येईना. चौथ्या दिवशी टिकाव आपोआप योग्य ठिकाणी पडायला लागला आणि रात्री पडल्या-पडल्या झोप लागली. पाठदुखी त्या आठवड्यात थांबली. चार सकाळी मिळून आम्ही साधारण सव्वादोनशे मीटर चर काढले.

दुपारी शोषखड्डे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी असे खड्डे घेऊन सांडपाण्याची गटारं आणि डास दोन्ही घालवले, ते उदाहरण सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. न्हाणीचं पाणी टाकीत येतं, गाळ तळाला बसतो आणि वरचं पाणी भोकांतून दगडात आणि दगडांतून जमिनीत मुरतं. आम्ही अकरा पूर्ण केले. बारावा खडकामुळं सोडून द्यावा लागला. त्या घरच्या काकूंचं तोंड उतरलेलं अजून आठवतं.

आता कलेचा भाग. संध्याकाळी गाणी, नाच, एकांकिका असं ठरलेलं होतं आणि काही मुलींनी त्यासाठी साड्या, घुंगरू आणले होते. पण २६ तारखेच्या रात्री माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांचं निधन झालं, सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला आणि करमणुकीचे सगळे कार्यक्रम रद्द. संध्याकाळच्या वेळेचं करायचं काय? सरांनी ठरवलं की नाच-गाणी नाहीत, पण बालविवाहावरचं पथनाट्य प्रबोधनाचं आहे, ते करायचं. म्हणजे तीन संध्याकाळी आमच्याकडं तेवढं एकच काम उरलं आणि मला वाटतं त्यामुळंच ते चांगलं झालं. नाहीतर दहा मिनिटांचं काहीतरी उरकून आम्ही नाचाच्या तालमीला पळालो असतो.

आम्ही लिहिलेलं पहिलं नाटक शहरी होतं. त्यात एक भाषण होतं: मुलीचं वय अठरा, मुलाचं एकवीस, २००६ चा कायदा, १०९८ ला फोन करा. माहिती सगळी बरोबर, पण ऐकायला आलेल्या बाया उठून जायला लागल्या. एक आजी जाता-जाता म्हणाल्या, "ह्ये तर आमाला टीव्हीवालाबी सांगतोय." मग आम्ही त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. आजींनी त्यांच्या लग्नाचं सांगितलं, वय त्यांना नीट आठवत नव्हतं, एवढंच आठवत होतं की सासरी पाट्यावर हात पुरत नव्हता म्हणून पायाखाली वीट ठेवायच्या. ती वीट आम्ही नाटकात घेतली. नाटकभर एक मुलगी विटेवर उभी. कायद्याचं भाषण काढून टाकलं आणि त्याऐवजी ओवीच्या चालीवर मी चार ओळी जुळवल्या:

माझ्या लेकीचं दप्तर
नका ठेवू माळ्यावर,
अजून चार वर्सं तरी
तिचं नाव फळ्यावर.

चाल आजींनी दुरुस्त करून दिली. "अशी तोडू नगं, जातं फिरल्यावानी जाऊ दे" म्हणाल्या. पडद्यासाठी जुन्या धोतरावर मी गेरू आणि चुन्यानं चित्र काढलं. २९ तारखेला चौकात नाटक झालं तेव्हा मागं पुरुषही उभे होते. १०९८ हा नंबर शेवटी विटेवरची मुलगी एकदाच म्हणते. दुसऱ्या दिवशी लहान पोरं तो नंबर ओरडत गल्लीत पळत होती. त्या गावात त्यानं किती फरक पडला, हे मी सांगू शकत नाही. पण विटेचा प्रसंग आला तेव्हा कुणी उठून गेलं नाही, हे मी पाहिलं.

३० डिसेंबरला येळवस, म्हणजे वेळ अमावस्या होती. आपल्याकडं लातूर-धाराशिवला या दिवशी घरात कुणी थांबत नाही, सगळं गाव शेतात. सरांच्या वेळापत्रकात त्या दिवशीही सकाळी खोदकाम लिहिलेलं होतं. गावकऱ्यांनी ऐकूनच घेतलं नाही. पन्नास पोरं वाटून घेतली, कुणाच्या शेतात चार, कुणाच्या सहा. कडब्याची कोप, म्हणजे खोपट, त्यात पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले पाच दगड, भज्जी, उंडे, खिचडा आणि मडक्यातली आंबील. ज्यांच्या अंगणात शोषखड्डा पूर्ण झाला होता अशा दुसऱ्या एका काकूंनी आम्हाला नेलं. जेवून झाल्यावर त्यांच्या सासऱ्यांनी बांधावर बसून भूकंपाची रात्र सांगितली: गणपती विसर्जन करून सगळे दमून झोपलेले, पहाटे चारच्या आत सगळं खाली. बाहेरून आलेली कॉलेजची पोरं तेव्हा ढिगारे उपसत होती, असं ते म्हणाले, आणि मग बराच वेळ गप्प बसले. आमच्या एनएसएसच्या डायरीत त्या दिवसाचे तास मोजले गेले नाहीत, कारण श्रमदान झालं नव्हतं. माझ्या हिशेबात मात्र तो सगळ्यात भरलेला दिवस होता.

आता तक्रारी. चोवीस मुलींना एक शौचालय, आणि त्याचीही कडी तुटलेली. पाळीच्या दिवसांसाठी काहीच सोय नव्हती. एका मॅडमनी स्वतःहून बादली आणि कागद आणला, पण हे कुणा एकीच्या चांगुलपणावर सोडायची गोष्ट नाही. उद्घाटनाला पाहुणे दोन तास उशिरा आले आणि आम्ही उन्हात रांगेत बसून. आधीच्या एका बॅचनं लावलेल्या झाडांपैकी बहुतेक वाळलेली दिसली, कारण लावल्यावर पाणी घालायचं काम कुणाचंच नव्हतं. आणि डायरी! रोज काय केलं ते लिहायचं असतं. निम्मी मुलं एकमेकांचं उतरवून काढतात, कारण वर फक्त सही होते, आत काय लिहिलंय ते कुणी विचारत नाही.

या डायरीवरून एक सांगते. माझा मामेभाऊ पुण्यात आयबीच्या, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत आहे. त्यांच्याकडं डिप्लोमाला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, सीएएस असतं: क्रिएटिव्हिटी, ॲक्टिव्हिटी, सर्व्हिस. अठरा महिने हे तिन्ही चालू ठेवायचं, किमान एक महिन्याचा एक प्रकल्प करायचा. गुण नाहीत, पण ते पूर्ण केल्याशिवाय डिप्लोमाही नाही. मला त्याचा हेवा वाटायचा. सुट्टीत आला तेव्हा त्यानं त्याचं लॅपटॉपवरचं सगळं दाखवलं: गिटार, पोहणं, आणि एका वस्तीत मुलांना शिकवणं. तिन्ही मनापासून केलेलं, पण तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी. मी त्याला चराची रेघ, वीट आणि फोड यांबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुझं तर एकाच गावात झालंय गं सगळं." तोवर माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. मी रोज वेळ कुठून काढू, खेळाला किती, चित्राला किती, असा हिशेब करत होते. त्या गावात हिशेब करावा लागला नाही, कारण काम एकच होतं आणि त्याला हात, डोकं, गळा सगळंच लागत होतं.

पण एक गोष्ट त्यांच्याकडून आपण घ्यावी. दोन वर्षांत तीनदा शिक्षक त्याच्यासमोर बसून विचारतात: काय केलंस, काय जमलं नाही, तुझ्यात काय बदललं. आम्हाला दोन वर्षांत हे एकदाही कुणी विचारलं नाही. याला पैसे लागत नाहीत. पन्नास मुलांशी पंधरा-पंधरा मिनिटं बोलायचं ठरवलं तर एका टर्ममध्ये होईल.

अभ्यासाचं विचारता ना, तर खरं सांगते. शिबिरानंतरच्या पहिल्या टेस्टला ७२० पैकी माझे आधीपेक्षा ३८ गुण कमी आले. अण्णा काही बोलले नाहीत, मलाच रडू आलं. पुढचे दीड महिने जास्त बसून ते भरून काढले. नीटच्या रँकमध्ये एनएसएसचा एकही गुण धरत नाहीत, त्यामुळं गुणांसाठी घेत असाल तर घेऊ नका. पण त्याच जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी जिंकला, आणि कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. ती फायनल हॉस्टेलच्या मेसमध्ये आम्ही मोबाईलवर पाहिली आणि दुसऱ्या संध्याकाळपासून नऊ जणी मागच्या मोकळ्या प्लॉटवर खेळायला लागलो. साडेसहा ते सव्वासात. बारावीच्या डिसेंबरपर्यंत ते चाललं, मग थांबलं. शेवटचे दोन महिने मी फक्त अभ्यास केला, चित्र नाही, खेळ नाही, एनएसएसचं शनिवारचं कामही नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. काही आठवडे एकाच गोष्टीचे असतात.

२०२५ च्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाल्यावर आम्ही अकरा जणी-जणं स्वतःच्या तिकिटानं गावाला गेलो. चरांत पाणी साचलेलं होतं, वरून ढगांची सावली. मी पाण्यात पाय सोडून बसले. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मात्र दोन ठिकाणी बांध फुटले आणि ते आमच्याच गटाच्या भागात, जिथं शेवटच्या दिवशी घाईत ए-फ्रेम न लावता अंदाजानं खूण केली होती. खाली येळवसच्या त्या काकूंचं सोयाबीन पाण्यातच होतं, ते चरामुळं नाही, सगळ्या शिवाराचंच गेलं. तेव्हा युनिटनं वह्या आणि धान्य गोळा केलं, मी त्यात होते. पण तो फुटलेला बांध पाहून जे वाटलं ते कुठल्या टेस्टच्या गुणांनी वाटलं नव्हतं.

पाचपैकी मी चार देते. एक कापला तो शौचालय आणि न वाचलेल्या डायरीसाठी.

फॉर्म भरण्याआधी कार्यक्रम अधिकाऱ्यांना, म्हणजे कॉलेजात एनएसएस बघणाऱ्या सर-मॅडमना, हे विचारा: मागचं शिबिर ज्या गावात झालं तिथं युनिट नंतर किती वेळा गेलं? मुलींना खोदकाम मिळतं का? शौचालयं किती? पहिल्या प्रश्नाचं उत्तर गोलगोल आलं तर दुसऱ्या कॉलेजच्या मैत्रिणीला तिच्या युनिटचं विचारा. क्लासवाल्यांशी शिबिराच्या महिनाभर आधी पालकांनी बोलावं, आठवडाभर आधी बोलून काही होत नाही. सामानात जाड हातमोजे, टॉर्च, जास्तीचे पॅड आणि एक कडी-कुलूप घ्या. आणि रंग. मी नेले नव्हते, गेरू-चुन्यावर भागवलं. त्या फुटलेल्या बांधावर परत ए-फ्रेम लावायला आम्ही मे महिन्यात नीटचा पेपर संपल्यावर जाणार आहोत, लातूर परिसरातलं कुणी येणार असेल तर खाली लिहा.